अडतीस जोड्या

"ही अडतीस भुतं कोण आहेत, अर्चना?"

डॉ. धोंगड्यांनी कागदांची चळत माझ्या टेबलावर आपटली तेव्हा मी वापरलेल्या सुया डब्यात टाकत होते. सर रागावले की आधी त्यांचा चष्मा घसरतो. त्या दिवशी तो पार नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"कसली भुतं, सर?"

"दिल्लीहून आलंय हे. आपण पाठवलेल्या सव्वीसशे नमुन्यांत अडतीस माणसं दोन-दोनदा आहेत. नाव वेगळं, गाव वेगळं, नंबर वेगळा, आणि जनुकं मात्र तंतोतंत तीच. असं फक्त हुबेहूब जुळ्यांचं होतं. आपल्या तालुक्यात अशी अडतीस जुळी आहेत? आणि तीही एक या गावात, दुसरं त्या गावात?"

सर समोरच्या खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांग, मी ओरडणार नाही. आकडा भरावा म्हणून एकाच हातातून दोन नळ्या काढल्यात का तुम्ही लोकांनी?"

ते 'तुम्ही लोकांनी' मला मिरचीसारखं झोंबलं.

"सर, आकडाच भरायचा असता तर घरी बसून सासूबाईंच्या कोंबड्यांचं रक्त भरलं असतं. भर उन्हात गुडघाभर रेतीतून चार-चार टोले-पाडे पालथे कशाला घातले असते?"

"कोंबडीचं मशीनला लगेच कळलं असतं."

"मग आमची मेहनतही कळू दे की त्या मशीनला!"

सरांनी चष्मा वर ढकलला. "गुरुवारी कमिटी येतेय. तोवर मला उत्तर हवं. नाहीतर सगळं बंद."

सगळं म्हणजे काय ते सांगते. आमच्या त्या भागात, गडचिरोलीच्या जंगलाला लागून, सिकलसेलचा आजार घरोघरी. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि लेकरू हाडं धरून रडतं. तपासणी झाली की आम्ही कार्ड देत असू. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे वाहक, त्याला स्वतःला काही होत नाही, पण जोडीदारही पिवळा निघाला तर पोटी लाल मूल येऊ शकतं. पांढरं म्हणजे सुटला. आता लाल कार्डाची दोन पोरं एकाच अंगणात खेळतात, त्यातलं एक महिन्यातून तीनदा दवाखान्यात आणि दुसरं झाडावर चढतंय. असं का होतं, हे रक्तातल्या जनुकांत कुठेतरी लिहिलेलं आहे आणि ते शोधायला हजारो माणसांची जनुकं वाचावी लागतात. सर म्हणायचे, "हा रोग गरिबांचा. यावर औषध शोधून कुठल्या कंपनीची माडी चढणार? हे काम सरकारनंच करायचं असतं." आणि सरकार करत होतं. त्याच पैशावर आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा, नमुने गोठवून ठेवणारं ते मोठं फ्रीझर, जीप आणि बुधवारचा दवाखाना चालायचा. दर बुधवारी लाल कार्डाची एकशे चाळीस पोरं औषध घेऊन जायची. नमुने बोगस ठरले असते तर पुढच्या पाच वर्षांचं अनुदान गेलं असतं आणि त्याबरोबर तो बुधवारही.

नमुन्यांवर फक्त नंबर असायचा. कुठला नंबर कोणाचा, ते एका वहीत. त्या वहीच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. जो जनुकं वाचतो त्यानं नाव वाचायचं नाही, असा प्रकल्पाचा नियमच होता. तो नियम सरांनीच सही करून आणला होता, म्हणून वही त्यांनाही बंद.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. पहिली जोडी काढली. एक नंबर निघाला कोसमटोल्याच्या गीता कुमरेचा, पहिल्या फेरीतला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा. दुसरा निघाला मोहटोल्याच्या मनीषा उईकेचा, गेल्या वर्षीच्या फेरीतला. दुसरी जोडी, शकुन आणि वैशाली. तिसरी, यमुना आणि दीपाली. तिसऱ्या जोडीला माझा हात थांबला. बाप्या एकही नाही! शहात्तरच्या शहात्तर नावं बायांची.

आता यात न कळण्यासारखं काय होतं? पोरगी माहेरी होती तेव्हा पहिल्या फेरीत तिनं रक्त दिलं. मग लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं आणि गीताची मनीषा झाली. आडनाव बदललं, गाव बदललं. दुसऱ्या फेरीत आम्ही तिच्या सासरी गेलो, तिनं पुन्हा हात पुढे केला. दिल्लीच्या फॉर्मवर नावाचा एकच रकाना. माहेरचं नाव विचारायचं कोणाला सुचलंच नाही. तो फॉर्म करणाऱ्यांना माणसाला जन्मभर एकच नाव असतं असं वाटलं असणार, आणि ते करणारे बहुतेक पुरुषच असणार.

मी जोड्या लावत गेले. हसू येत होतं, खरंच येत होतं, आणि सतराव्या ओळीवर ते जागच्या जागी सुकलं.

एक नंबर कुंदा निकुरेचा. दुसरा अर्चना शेंडेचा.

दोन्ही मीच होते.

मला काय विसर पडला होता? मुळीच नाही. बारावीत असताना माझ्या गावात पहिल्या फेरीचं शिबिर झालं होतं तेव्हा कुंदाचं कार्ड पिवळं आलं. माझ्या बापानं ते घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाला, "कोनाले दाखवू नोको. पोरीले कोनी करणार नाही." नंतर मला करून घेतलं शेंड्यांनी. नर्सिंगचा कोर्स झाला होता, प्रकल्पात नोकरी लागली. आमच्या प्रकल्पाची रीत अशी की गावात गेलं की आधी एका कर्मचाऱ्यानं सगळ्यांसमोर स्वतःचं रक्त द्यायचं, मग गावाचं घ्यायचं. माझी पाळी आली तेव्हा फॉर्म भरायला शेजारी होते आमचे हे, भास्कर. प्रकल्पाची जीप तेच चालवायचे आणि अक्षर सुंदर म्हणून फॉर्मही तेच भरायचे. त्यांनी विचारलं, "आधी कधी रक्त देलं होतं काय?"

मी म्हटलं, "नाही." आणि त्यांनी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं.

नंतर माझं कार्ड पिवळं आलं, त्यांचं पांढरं. आमची मुलगी श्वेता, तिचंही पिवळं. सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या, मग म्हणाल्या, नशिबाचा खेळ, बाईचा काय दोष. कारण आमच्याकडे हिशेब असा आहे की लग्नानंतर कळलं तर नशीब, आणि आधीच माहीत होतं तर फसवणूक. नशिबाला माफी मिळते, फसवणाऱ्या सुनेला मिळत नाही. पांढऱ्या कार्डाची बाई आधी रक्त दिल्याचं सरळ सांगायची आणि तिचं पुन्हा घेतलं जात नसे; 'नाही' म्हणायच्या त्या पिवळ्याच. ती अडतीस जोड्यांची यादी म्हणजे नेमकं हेच सांगणारा कागद होता, की या सगळ्यांना आधीच माहीत होतं.

दुपारी मी सरांना नावं वगळून सगळं सांगितलं.

"लग्नातलं नाव! अगं, आमच्या घरातसुद्धा... हिचं नाव आधी शैला होतं." त्यांनी टेबलावर थाप मारली. "मी नागपूरचा माणूस, मला कळू नये? आण ती यादी. कमिटीपुढे ठेवतो. दोन-चार बायांना गाडीतून घेऊन ये, त्या सांगतील. संपलं."

"यादी देणार नाही, सर."

"म्हणजे?"

मी त्यांना नशीब आणि फसवणूक समजावून सांगितलं. ते ऐकून त्यांचा चष्मा पुन्हा घसरू लागला.

"अर्चना, अडतीस बायांच्या घरचं भांडण एका बाजूला आणि एकशे चाळीस लेकरं दुसऱ्या बाजूला. तूच तोल."

"मी कशाला तोलू? फॉर्मवर लिहिलंय, 'आपले नाव कोणालाही सांगितले जाणार नाही.' ते मी चार उन्हाळे बायांना वाचून दाखवलं. मोठ्यानं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा. आता मीच सांगू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशातली गत व्हायची माझी."

"मी कपाटाचं कुलूप तोडू शकतो."

"तोडा. त्या फॉर्मखाली सही तुमचीच आहे."

सर उठले, खिडकीशी गेले, परत आले. ते वाईट नव्हते. त्यांना त्या पोरांचे चेहरे दिसत होते आणि मला बायांचे. शेवटी म्हणाले, "निदान एखादी बाई आपणहून तयार होते का ते तरी विचार. एक नाव, फक्त एक. नाहीतर त्यांना आपली गोष्ट पटणार नाही."

मंगळवारी सकाळीच मी जीप काढायला लावली आणि मोहटोल्याला गेले. मार्च संपत आला होता. गावातल्या बाया मोहफुलं वेचायला झाडाखाली बसल्या होत्या. मनीषा लेकराला ओटीत घेऊन वेचत होती. मी तिच्या शेजारी बसले, चार फुलं टोपलीत टाकली आणि हळूच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. सासू वीस पावलांवर होती.

"गीताचं रक्त पयलेच तपासलं होतं थे या घरात कोनाले माहीत नाही, ताई," ती खाली मान घालूनच म्हणाली. "माह्या सासूले वाटते का तिच्या पोरानं मनीषा आनली. पयल्या वक्ताले कार्ड पिवरं आलं तवा मायनं चुलीत टाकलं. आता तुमी थे परत बाहीर काढान?"

"मी काढत नाही. तू म्हणशील तरच."

"मी नाही म्हनत." तिनं लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. "तुमाले राग येईन. पन तुमी नोकरी करता, तुमाले घराबाहीर काढलं तं सरकारचा पगार हाय. मले काढलं तं मी कोठं जाऊ?"

मला राग आला नाही. लाज वाटली. तिला विचारायला मी वीस किलोमीटर आले होते आणि ज्या बाईला विचारायचं ती सकाळी आरशात माझ्याकडे बघत होती.

परतताना भास्कर जीप चालवता चालवता म्हणाले, "आवो, ऑफिसात सारे बोलून राह्यले का अडतीस बाटल्या बोगस हाय म्हनून. माह्या गाडीतनं गेल्या त्या बाटल्या. बरफात ठेवून, एकएक खड्डा चुकवत-चुकवत नेल्या मी. एकबी खोटी नाही. मीच सांगतो त्या कमिटीले."

"तुम्ही काही सांगू नका."

"काहून?"

मी बाहेर बघत राहिले. त्या क्षणी सांगता आलं असतं. रस्ता रिकामा होता, माणूस चांगला होता. पण मी पुढच्या वळणावर गाडी सावकाश घ्या, एवढंच म्हटलं. दुसऱ्याला धीर देणाऱ्या बायका स्वतःच्या वेळी अशाच असतात.

गुरुवारी कमिटी आली. ग्रामीण रुग्णालयाच्या सभागृहात टेबलं जोडून वर हिरवं कापड टाकलं होतं. अध्यक्ष होत्या बर्वे मॅडम, पांढऱ्या केसांच्या, स्वतः जनुकशास्त्रातल्या, बोलायला मोजक्या. त्यांच्या शेजारी अनुदान खात्याचे लुकतुके साहेब, ज्यांनी आल्याआल्या पाणी बाटलीतलं आहे ना, असं दोनदा विचारलं. भास्कर पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते.

धोंगडे सरांनी सगळं मांडलं. लग्न, नाव, दोन फेऱ्या, एक रकाना. शिवाय ते म्हणाले, "मॅडम, आमच्या शाळेच्या बेंचाएवढ्या प्रयोगशाळेत अकरा वर्षांच्या अंतरानं त्याच बाईचं रक्त दोनदा आलं, कोणाला पत्ता नसताना. आणि अडतीसच्या अडतीस वेळा जनुकं जुळली. काम चोख असल्याचा याहून मोठा पुरावा आम्ही मुद्दाम ठरवूनही उभा करू शकलो नसतो."

बर्वे मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांना पटलं होतं, मला दिसलं. पण लुकतुके साहेबांनी पेन टेबलावर टेकवलं.

"डॉक्टर, गोष्ट छान आहे. पण ही जनतेच्या पैशाची बाब आहे. उद्या मला विचारतील की अडतीस बोगस नमुने तुम्ही कशावरून पास केलेत, तर मी काय सांगू? तांदळात नाव लिहितात म्हणून? यादी कुठाय?"

"यादी गोपनीय आहे."

"मग एक नाव द्या. एक बाई उभी करा. नाहीतर मी फाइलवर 'संशयास्पद' असा शेरा मारून मोकळा होतो." आणि मग, आवाज जरा मऊ करून, "अहो, अशा दुर्गम भागात होतं असं. मुलं पायी फिरायचा कंटाळा करतात. तुमच्यावर कोणी वैयक्तिक आरोप करत नाहीये."

तेव्हा माझं डोकं फिरलं. भांडखोर म्हणून माहेरी माझं नाव होतंच. सासरी ते मी आठ वर्षं झाकून ठेवलं होतं.

मी मागच्या खुर्चीवरून उठले. "साहेब, पायी फिरणारी मी. मला बोलायचंय."

"तुम्ही कोण?"

"तेच सांगतेय. तुमच्या कागदावर सतरावी ओळ काढा. पहिला नंबर कुंदा निकुरे. दुसरा नंबर अर्चना शेंडे. दोन्ही मीच."

मी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"बारावीत असताना रक्त दिलं. माझं कार्ड पिवळं आलं. ते मी सासरी लपवलं आणि मग दुसऱ्या फेरीत, आधी रक्त दिलंय का असं विचारल्यावर, नाही म्हणून सांगितलं. ते खोटं माझं आहे. फॉर्म भरणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्यानं मी सांगितलं ते लिहिलं. आता मला विचारा, बाकीच्या सदतीस जणी का लपवतात. मी इथं उभं राहून बोलले ना? आता संध्याकाळी घरी माझं काय होतं, ते येऊन बघा. म्हणजे समजेल."

लुकतुके म्हणाले, "पण बाई, एकीवरून सदतीस कशा धरायच्या?"

"का नाही धरायच्या? मशीन सरकारनं दिलं, गाडी सरकारनं दिली, कबूल आहे. त्याचे कागद तुमच्याकडे आहेत. पण रक्त कोणी दिलं? या गावांनी दिलं. फुकट दिलं, आणि माझ्या एका शब्दावर दिलं. जनतेचा पैसा म्हणता ना, मग हे रक्तही जनतेचंच आहे. त्या गावांना दिलेला शब्द मी मोडणार नाही. आत्ता माझं रक्त घ्या, तुम्हीच सील करा, तुम्हीच दिल्लीला न्या. माझं जुळलं नाही तर सगळं बंद करा आणि मला तुरुंगात टाका. जुळलं तर बाकीच्या सदतीस जणींची नावं कोणी, कधीही विचारायची नाहीत. आणि हे तसंच तुमच्या कागदावर लिहून घ्या."

लुकतुके साहेबांनी बर्वे मॅडमकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं तसंच."

मी हिरव्या कापडावर हात टेकवला, बाही वर केली. दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता. सुई मला स्वतःलाच टोचायची होती आणि दंडाला पट्टा बांधायला हात पुरेना. मी त्याचं एक टोक दातात धरलं. तेवढ्यात कोणीतरी तो पट्टा माझ्या तोंडातून काढून घेतला आणि दंडावर गच्च आवळला. भास्कर होते. ट्रे त्यांनी खाली ठेवला होता. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता. रक्त निघालं, नळी भरली, मी सुई काढली. त्यांनी कापूस दाबून धरला. मग खिशातून पेन काढून नळीची चिठ्ठी समोर ओढली आणि अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "नाव काय लिहू?"

"दोन्ही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिली. अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

घरी जाताना निम्म्या रस्त्यावर त्यांनी जीपचा वेग कमी केला. मग म्हणाले, "थे 'नाही' मी माह्या हातानं लेहलं होतं."

"हो."

"तुले सांगता आलं असतं ना मले."

"सांगितलं असतं तर लग्न झालं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. तो माणूस खोटं बोलू शकत नाही, हाच त्याचा वैताग आहे. "नसतं झालं. आईनं नसतं होऊ देलं."

"आणि तुम्ही?"

एक नाला गेला, दुसरा गेला. "मीबी नसतो आलो."

"मग बरंच झालं की, नाही सांगितलं ते."

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. हसले की रागावले, कळलं नाही. पुढे दोन महिने तरी ते कामावरही धड बोलले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

सासूबाईंना आमच्या आधीच बातमी पोचली होती. त्या ओसरीवर उभ्याच होत्या. "आमाले फसवलं," त्या म्हणाल्या. "कुंदा म्हनून जन्मली, अर्चना म्हनून आली. कोनाले आनलं म्हनावं आमी?" मी बरंच ऐकून घेतलं. मग म्हटलं, फसवलं ते कबूल आहे, पण कार्ड बघून सुना करायच्या असतील तर आधी आपल्या पोरांची कार्डं बघायला शिका, नुसती पोरींची नको. त्या रात्री माझं ताट वाढलं गेलं नाही. पुढे चार महिने मी श्वेताला घेऊन माहेरी राहिले आणि तिथून रोज दोन एसट्या बदलून कामावर आले. एक दिवस बुडवला नाही. तीन आठवड्यांनी दिल्लीहून निकाल आला होता. रक्त जुळलं, अनुदान पाच वर्षांसाठी मिळालं, आणि बैठकीच्या इतिवृत्तात माझी अट माझ्याच शब्दांत छापून आली. 'तुरुंगात टाका' तेवढं कोणीतरी खोडलं होतं. बुधवार चालू राहिला. चार महिन्यांनी भास्कर जीप घेऊन माहेरी आले, अंगणात उभं राहून म्हणाले, "चाल." मी विचारलं, आई काय म्हणतात? "काही म्हनत नाही." म्हणजे पुष्कळ झालं.

सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माफीबिफी तर नाहीच, त्यांचा तो स्वभाव नाही. आणि मीही मागितली नाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. श्वेता बावीसची आहे, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला इतक्यात लग्न नको आहे, पण लोकांना दम कुठे असतो? गेल्या महिन्यात पलीकडच्या तालुक्यातून एक पाहुणे आलेच. मुलगा मास्तर, घर पक्कं, माणसं बोलायला गोड. मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "आमचं काही मागनं नाही. पोरगी पसंत हाय. आता तारीख पाहून घेऊ."

मी तोंड उघडणार होते. माझ्या आधी खाटेवरून सासूबाई बोलल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आवाज पाड्याच्या टोकापर्यंत जातो.

"आधीच सांगतो, आमच्या पोरीचं कार्ड पिवरं हाय. तुमच्या पोराचं कोनतं?"

पाहुण्यांची बशी हवेतच राहिली. ते एकमेकांकडे बघू लागले. मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "पोराचं कशाले पाहाचं, बाई? पोरगा तं चांगला धडधाकट हाय."

"धडधाकट तं माही सूनबी होती," सासूबाई म्हणाल्या. "जा, तपासून आना. बुधवारी दवाखाना उघडा असते. मंग बसू तारखेले."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि दवाखान्याची वेळ सांगितली, सकाळी दहा ते एक.